सीमाच्या आवाजातला लेख

रघुवीर परब पंचवीस वर्षं एका सायंदैनिकात लालबाग-परळच्या माणसांवर दर आठवड्याला लेख लिहीत होता. पेपरची पानं कमी झाली, तसा ऑफिसने त्या लेखांचा पॉडकास्ट सुरू केला. पहिले तीन भाग त्याने स्वतःच वाचले. घसा कायम बसलेला, वाक्याचा शेवट गिळायची सवय. ऐकणारे निघाले त्रेचाळीस, त्यातले निम्मे नातेवाईक.

रेकॉर्डिंग करणारा सम्यक एकदा घरी आला, तेव्हा रघुवीरची बायको सीमा ताजा लेख मोठ्याने वाचत होती. ऑफिसला पाठवण्याआधी ती प्रत्येक लेख असा वाचायची. ती अडखळली की तिथे चूक आहे, हे दोघांनाही कळायचं. सम्यक दारातच थांबला. "काकू, हे माइकसमोर वाचाल?"

दोन महिन्यांत ऐकणारे नऊ हजारांवर गेले.

लालबागला मसाल्याच्या दुकानात सीमा "अर्धा किलो बेडगी द्या" एवढंच म्हणाली, तर बाजूच्या बाईने वळून पाहिलं. "पॉडकास्टवाल्या तुम्हीच ना? काय सांगता हो छान!"

"लिहितात हे," सीमाने पिशवी धरून शेजारी उभ्या असलेल्या रघुवीरकडे बोट दाखवलं.

"अच्छा! म्हणजे ताई सांगतात ते तुम्ही टाइप करून देता."

रघुवीर हसला. मग घरापर्यंत तिच्या दोन पावलं पुढेच चालत राहिला.

"काय झाला तुमका?" सीमाने विचारलं.

"काय नाय."

पुढचा लेख भिवावर होता. परळच्या एका हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बसून भिवा कॅन्सरच्या पेशंटचे केस कापायचा, औषधाने झडायच्या आधीच. रघुवीर दोन दिवस उन्हात त्याच्याजवळ बसला होता, वही भरली होती. पण लिहायला बसल्यावर त्याने वही उघडलीच नाही. 'कर्करोगग्रस्तांच्या शुश्रूषेत क्षौरकर्माचं अनन्यसाधारण माहात्म्य' असं सुरू केलं आणि शेवटपर्यंत तसंच रेटलं. या वेळी लेख त्याने सीमाला आधी दाखवलाही नाही, थेट दादरच्या ऑफिसात नेला. तिथे फायलींच्या जुन्या खोलीला फोम लावून स्टुडिओ केला होता.

सीमा पहिल्याच वाक्याला अडखळली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सम्यक म्हणाला, "काकू, बरं नाहीये का? आजच्यापुरतं दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ?"

काचेपलीकडे बसलेल्या रघुवीरला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं.

सीमाने हेडफोन काढले. "सम्यक, दहा मिनिटं दे आम्हाला." तो बाहेर गेल्यावर तिने रघुवीरला आत बोलावलं आणि कागद त्याच्यासमोर धरला. "हे मला पाडायला लिहिलंत ना?"

"काहीतरीच काय."

"क्षौरकर्म हा शब्द तुम्ही जन्मात वापरला नाहीत."

रघुवीरने कागद तिच्या हातातून घेऊन उलटा ठेवला. मग म्हणाला, "उन्हात मी बसतो, माणसं मी शोधतो, आणि लोकांना वाटतं सगळं तुझं. जळतो मी, सीमा. काय करू?"

आता ती चिडेल असं त्याला वाटलं. पण ती शांतपणे म्हणाली, "मीसुद्धा जळायचे."

"तू?"

"मी अडखळायचे तिथे सुचवायचे, अशी कितीतरी वाक्यं माझी असायची. छापून यायचं नाव तुमचं. मी कामाला होते त्या पतपेढीतल्या बायका म्हणायच्या, नवरा काय लिहितो गं तुझा! मी हसायचे, आणि दिवसभर काम सुचायचं नाही."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? पण चूक दिसली आणि मुद्दाम जाऊ दिली, असं एकदाही केलं नाही मी."

त्याने पिशवीतून वही काढली. भिवा म्हणाला होता, "केस आपणहून गेले तर माणूस रडतो. मी कापले तर नुसता आरशात बघतो." रघुवीरने तेच पहिलं वाक्य केलं आणि तासाभरात लेख नव्याने लिहिला. सीमाने तो एका दमात वाचला.

तीन दिवसांनी भिवाचा फोन आला. "साहेब, ऐकलं. पेशंट लोकांनापण ऐकवलं. ताई आहेत? त्यांना द्या ना जरा."

रघुवीर पुन्हा जळलाच. त्याने फोन सीमाच्या हातात दिला आणि भिवाला नेमकं कुठलं वाक्य आवडलं ते ऐकायला तिच्या खांद्याशी वाकून फोनला कान लावून उभा राहिला.