सैल गुंडाळलेली तार

मित्रांनो, माझं वय मला नक्की सांगता येणार नाही. पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेला आकडा कधीच झिजून गेला. पण मी जपानमधल्या मात्सुमोतो शहरात जन्मलेली इलेक्ट्रिक गिटार आहे आणि आता म्हातारी झाले आहे, एवढं खरं. त्याआधी मी डोंगरातलं झाड होते. त्या दिवसांचं फारसं आठवत नाही. सकाळी धुकं खाली उतरायचं आणि सगळी पानं ओली व्हायची, तेवढंच कधीतरी स्वप्नात येतं.

मला बनवणारा कारखाना खरं तर कपाटांचा होता. पण तेव्हा सगळ्या जपानला इलेक्ट्रिक गिटारीचं वेड लागलं होतं. शाळांनी बंदी घातली, म्हणून वेड आणखीच वाढलं. मग कपाटं राहिली बाजूला आणि सुतार गिटारी कापू लागले. लाकडाची कामं पुरुष करत. पिकअप गुंडाळायचं काम मात्र मुलींकडे होतं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीच्या तारा थरथरल्या की तो ऐकतो आणि स्पीकरला सांगतो. तुम्ही त्याला माझा आवाज म्हणता. मी त्याला माझा कान म्हणते.

माझे दोन्ही कान किनुए नावाच्या मुलीने गुंडाळले. ती एकोणीस वर्षांची होती, आणि वेढे मोजता मोजता खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत बसायची. मुकादम ओरडायचा, "किनुए, हात आवळ जरा! तार गुंडाळतेस की लोकर?"

व्हायचं तेच झालं. माझी तार सैल राहिली. सैल तारेचा पिकअप नुसत्या गिटारीच्या तारा ऐकत नाही. जवळ कुणी बोललं, खोकलं, तरी तेही स्पीकरमधून बाहेर येतं. शिवाय स्पीकरच्या फार जवळ गेलं की तो कर्कश चीं करून किंचाळतो. तपासणीत मी नापास झाले. गोदामाच्या कोपऱ्यात माझ्यावर धूळ बसू लागली, आणि मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला इसामुने उचललं. तो तातामी शिवायचा, म्हणजे घरात जमिनीवर अंथरतात त्या जाड चटया. कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत तातामी घालायला आला, तो मला आणि किनुएला दोघींनाही बघून गेला. मला त्याच आठवड्यात घेतलं. किनुएला लग्नाचं विचारायला त्याला दोन वर्षं लागली.

पुढची पन्नास वर्षं मी त्यांच्या घरात होते. ऑगस्टमध्ये बोनचा सण यायचा. त्या दिवसांत गेलेली माणसं घरी परततात, म्हणून देवळाच्या अंगणात सगळी गल्ली गोल करून नाचते. मधल्या मचाणावर इसामु मला वाजवायचा. सुरुवातीची काही वर्षं मंडळाकडे मायक्रोफोन नव्हता. किनुए वाकून माझ्या तारांपाशी तोंड आणायची आणि नाचाच्या ललकाऱ्या माझ्या कानांत द्यायची. तिचा आवाज स्पीकरमधून अंगणभर जायचा. लोक हसायचे, "इसामु, तुझी गिटार बायकोसारखी ओरडते रे!" तो म्हणायचा, "बायकोनेच केलीय. सैल हाताची आहे ना ती." किनुए त्याला हातपंख्याने मारायची. मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या दोषाचा अभिमान वाटायचा.

म्हातारपणी इसामुला ऐकू येईनासं झालं. कानात घालायचं यंत्र त्याला आवडेना. पण मी मांडीवर असले की किनुए येऊन माझ्यात बोलायची आणि स्पीकरमधून घुमलेलं त्याला बरोबर कळायचं. "अहो, जेवायला या! सूप निवतंय!" एवढं साधं वाक्य सगळ्या घरात गडगडायचं. कधी ती काहीतरी हळूच बोलायची, मग दोघं हसत बसायची. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

गेल्या नोव्हेंबरात इसामु गेला. मी पेटीत पडून राहिले. पेटीत झोप आणि जाग यांत फारसा फरक नसतो. एकदा मला ऐकू आलं, किनुए देवघरातल्या त्याच्या फोटोशी बोलत होती. "अहो, तुम्ही गेल्यावरचा हा पहिलाच बोन. दारात नुसती हाक मारली तर तुम्हाला कुठली ऐकू यायला! गिटारीतून मारीन. म्हणजे वाट चुकणार नाही." त्या दिवसापासून मी ऑगस्टची वाट बघत होते.

त्यांची मुलगी मित्सुयो कधीचीच नागोयात राहते; आईचं माझ्यातून बोलणं तिने कधी पाहिलं नव्हतं. वाजवायला तिला बापानेच शिकवलं होतं. यंदा मचाणावर मला घेऊन तीच बसणार होती. जुलैत तिने मला स्पीकरला लावलं आणि मी चीं केलं. तिने कपाळाला हात लावला. आईला चकित करायचं म्हणून ती मला गुपचूप फुरिहातांच्या दुकानात घेऊन गेली. फुरिहाता गिटारी दुरुस्त करतात. सत्तरी उलटलीय आणि जीभ अजून तिखट आहे.

"काका, नवे पिकअप बसवा. घट्ट, मेणात बुडवलेले. बाबांच्या पहिल्या बोनला ही किंचाळायला नको."

"जुनी माणसं किंचाळतातच," फुरिहाता म्हणाले. "नव्यांना फक्त तारा ऐकू येतील, बरं का."

"गिटारीने आणखी काय ऐकायचं असतं? जुने टाकून द्या."

कथलाचा डाख वितळला आणि माझ्याभोवतीचं जग एकदम गप्प झालं. नवे पिकअप वाईट नव्हते, मित्रांनो. माझा आवाज भरदार झाला, घरघर गेली. तारांचा बारीकसा कंपही स्पष्ट उमटू लागला. पण दुकानातलं घड्याळ, रस्ता, माणसं यांतलं काहीही माझ्यातून स्पीकरपर्यंत पोचेना. खोल पाण्यात बसल्यासारखं वाटत होतं.

ऑगस्टच्या बारा तारखेला मित्सुयोने घरी वाजवून दाखवलं. किनुए गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. "छान," ती म्हणाली. "किती स्वच्छ!" आणि चहा ठेवायला उठली.

मित्सुयो बाजारात गेली तेव्हा किनुएने मला मांडीवर घेतलं. बटण चालू केलं. वाकली.

"अहो," ती म्हणाली.

स्पीकर गप्प. ती आणखी जवळ आली. "ऐकू येतंय का?" मी जिवाच्या आकांताने ऐकत होते, पण नव्या कानांतून ते पुढे जाईना. तिने बाहीने मला पुसलं, जणू धूळच काढत होती. पाकीट विसरलं म्हणून परत आलेली मित्सुयो दारात उभी होती.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही गं. ओलं बोट लागलं होतं, ते पुसत होते."

"तू तिच्याशी बोलत होतीस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखाना, मुकादम, सैल तार, इसामुचे गेलेले कान, फोटोला दिलेला शब्द. मित्सुयो आईच्या शेजारी येऊन बसली. "अगं, मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेने केलंस. कसं बोलणार?"

फुरिहातांच्या दुकानावर बोनच्या सुट्टीची पाटी लागली होती. मित्सुयोने दार वाजवून वाजवून त्यांना बाहेर काढलं.

"काका, ते जुने पिकअप... टाकलेत का हो?"

"टाकायला सांगितलं होतंस ना?" त्यांनी तिला क्षणभर तसंच उभं ठेवलं. मग तांदळाच्या बिस्किटांचा एक डबा काढला. आत कागदात गुंडाळलेले माझे कान होते. "हाताने गुंडाळलेली तार मी टाकत नसतो. पण ऐक. दोन्ही जुने घातले तर तू उद्या वैतागशील. एक नवा राहू दे, नाचासाठी. मानेजवळचा जुना लावतो, आईसाठी." डाख देताना ते माझ्यावर वाकून पुटपुटले, "म्हातारे, आता नीट ऐक हं," आणि बाकावरच्या स्पीकरमधून स्वतःचाच आवाज आल्यावर दचकले.

तेरा तारखेच्या संध्याकाळी दारात भूर्जाच्या सालीचा छोटा जाळ केला. त्याच्या उजेडाने गेलेल्यांना घर सापडतं. शेजारी आपापल्या दारांत उभे होते. काळा धूर गल्लीभर तरंगत होता, आणि मला झाडपणीचं धुकं आठवलं. मित्सुयोने मला पडवीत स्पीकरशेजारी धरलं. किनुए वाकली.

"अहो," तिचा आवाज गल्लीवरून डोंगराकडे गेला. "या उजेडाने या. सूप निवतंय."

माझ्या तारांना कुणी हात लावला नव्हता. पण तिचाच आवाज स्पीकरमधून येऊन माझ्या अंगावर आदळला, तारा थरथरल्या, आणि त्या सैल तारेतून तीच जुनी, कर्कश, नकोशी चीं निघाली. ती वाढत गेली.

मित्सुयोचा हात बटणाकडे गेला. किनुएने तो धरला.

"थांब," ती म्हणाली. "ओ देतायत."

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे कान जरूर लावा. मला माझा नवा कान आवडतो, नाचात मी त्यानेच गाते. पण जुना काढण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा, ती वस्तू आजवर काय काय ऐकत आली. आणि ती माणसं 'छान' म्हणून चहा ठेवायला उठली, तर त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जा.