कूस बदलणारी गाडी

गाडी इतकी जुनी होती, इतकी जुनी, की तिचा हॉर्न ऐकून गल्लीतली रडणारी पोरं गप्प व्हायची आणि गप्प बसलेली कुत्री रडायला लागायची. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा. रंग दुधावरच्या सायीचा, डोळे बेडकासारखे, आणि पोटाखाली सदा तेलाची थेंबगळती. तिचा मालक घड्याळजी. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊनही वर्षं लोटली, पण माणसाची ओळख काही बंद होत नाही. तेलासाठी त्यानं गाडीच्या नाकाखाली एक जुना ट्रे ठेवला होता, आजाऱ्याच्या उशाशी तस्त ठेवावं तसा.

त्या दिवशी दुपारची झोप काढून घड्याळजी शेडमध्ये गेला, तर ट्रे कोरडा आणि तेल दुसऱ्या टोकाला जमिनीवर. शेडला पुढं-मागं दोन दारं; गाडीचं तोंड नेहमी पुढच्या रस्त्याकडे असायचं, ते मागच्या गल्लीकडे झालेलं. बॉनेटवर हात ठेवला, तर ते कोमट.

"अगं ए!" तो ओरडला. "गाडी उलटी झालीय!"

बायको हात पुसत आली. तिनं गाडी पाहिली, नवरा पाहिला आणि चेहरा जराही न हलवता म्हणाली, "कूस बदलली असेल. म्हातारपणी एका कुशीवर झोप लागते का? तुम्ही रात्रभर काय करता?"

"गाडी आहे ती!"

"म्हणून काय झालं? अंग तिचंही दुखतंच की."

तिला हसू दाबावं लागत होतं. त्याला मात्र घाम फुटला होता. त्याचं कारण त्याच्या पोटात होतं, आणि ते त्यानं बायकोलाही दाखवलं नव्हतं.

झालं होतं असं, की मागं एकदा तो गाडी घेऊन थेट आपल्या जुन्या दुकानावर गेला होता आणि शटरवर दुसऱ्याच माणसाची पाटी बघून तासभर तिथंच उभा राहिला होता. लेकीनं मग त्याच्याकडून वचन घेतलं. "बाबा, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि पुन्हा असं काही झालं ना, तर गाडी विकून टाकायची. कबूल?" तो म्हणाला होता, "कबूल." आणि घड्याळजी शब्दाचा इतका पक्का, की घड्याळानं त्याला बघून वेळ लावावी.

आता गाडी फिरली होती. ती फिरवणारं घरात होतं कोण? बायकोनं जन्मात कधी सायकल चालवली नव्हती. म्हणजे मीच. झोपेत उठतो, गाडी काढतो, फिरून येतो, नि मला पत्ता नसतो.

दोन दिवसांनी गाडीचं तोंड पुन्हा रस्त्याकडे! मग मागं. मग पुढं. घड्याळजीचं डोकं लंबकासारखं हलायला लागलं. शेवटी त्यानं शक्कल काढली. दुपारी कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवलं, पायजम्याच्या नाडीनं स्वतःचा पाय पलंगाला बांधला आणि झोपला. उठला तेव्हा गाठ जशीच्या तशी. तो आनंदानं शेडमध्ये धावला, तर गाडीनं कूस बदललेली!

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. पण हा आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बसवत आलेला माणूस. त्यानं विचार केला, झोपेत मी गाठ सोडली, गेलो, आलो आणि परत तशीच बांधली. माझं काम पहिल्यापासून नीटनेटकंच आहे.

आणि मग त्यानं गुपचूप गाडीवाल्याला फोन लावला.

हा गाडीवाला जुन्या गाड्या जमवायचा. बोलायला गोड, टक्कल चकचकीत, बंपरसारखं. दुसऱ्या दिवशी तो आला, गाडीभोवती फिरला आणि उसासा सोडून म्हणाला, "काका, माझ्या शेडमध्ये सगळ्या अशाच. कुणाच्या मालकाचे डोळे गेले, कुणाचे गुडघे. बिचारे भेटायला येतात. टायर चाचपतात, दारावर हात फिरवतात. एकजण तर रोज डबा घेऊन येतो, आत बसून जेवतो आणि जातो. एकदा चालू करून दाखवता?"

बायको दारातच थबकली. "विकताय? मला न विचारता?"

"शब्द दिलाय," घड्याळजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "पुन्हा झालं तर विकायची. झालं. रोज होतंय. मी गाडी नेतो आणि मला आठवत नाही."

तिचा चेहरा उतरला. काही बोलणार तोच तो दार उघडून सीटवर बसला. बसला म्हणजे काय, घुसला! गुडघे स्टिअरिंगला आपटले, पोट गिअरच्या दांड्यात अडकलं. खाली उशी, तीही सोफ्यावरची, मोराची. आरशात बघितलं, तर चेहरा दिसायच्या जागी सदऱ्याचं तिसरं बटण दिसत होतं.

"हा चालवणारा," तो हळूच म्हणाला, "माझ्या खांद्याएवढा आहे."

दोघांनीही त्याच्या खांद्याएवढ्या बायकोकडे पाहिलं.

"मेकॅनिक म्हणाला होता, उभी राहिली की मेली," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीच किल्ली मागितली असती. मला काय माहीत, तुम्ही मनाला लावून घ्याल!"

"पण तुला येते कुठं?"

"चाळीस वर्षं शेजारी बसून काय खिडकीबाहेर बघत होते? तुमचे पाय बघत होते."

"मग ती उलटी-सुलटी का व्हायची?"

"तुम्ही कधी मागं घेतलीत का? तुमचं आपलं पुढच्या दारानं बाहेर, मागच्या दारानं आत. कड्या आतून. दोन-दोन कड्या कोण काढणार? मी आपलं तोंड असेल ते दार उघडायचं, गेले त्याच दारानं परत यायचं. मागं घ्यायचं तुम्ही शिकवलंतच नाही."

गाडीवाल्यानं टकलावरून हात फिरवला. "म्हणजे विकायची नाही?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली, "चहा ठेवलाय, तेवढ्यात येतो आम्ही."

घड्याळजी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. नसलेला ब्रेक तो पायानं दाबत राहिला. मी वेडा नाही, हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण मग आपण कोण, हे कुणी सांगत नव्हतं.

"डावीकडे घे," तो एकदम म्हणाला. "न्हाव्याच्या दुकानाशेजारून रस्ता आहे."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि डावीकडे घेतली. पुढं भिंत. उंच, जुनी, शेवाळ धरलेली भिंत. गाडी नाक टेकवून थांबली.

"आता?" ती म्हणाली. "मला मागं घेता येत नाही."

"क्लच दाब. पूर्ण." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, दांडा उचलून बाजूला ओढला. गाडी कण्हली आणि इंच इंच मागं सरकू लागली. पाय तिचे, हात त्याचा.

तो भिंतीकडे बघत राहिला. "अगं, ही भिंत इथं आधीपासून होती का?"

ती मान वळवून मागं बघत होती. तशीच म्हणाली, "कूस बदलली असेल हो."