नखानं खरवडलेला आंबा

मी आंब्याच्या सरबताची बाटली बोलतेय. अंगावर रसरशीत हापूस छापलेला, पोटात मात्र बहुतेक पाणी आणि साखर. आंबा नावापुरता. खोटं कशाला बोलू?

दिघ्यातल्या दुकानातून जाईबाईंनी मला उचललं. नेरूळला त्यांच्या बहिणीचं, राजश्रीचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?" म्हणत त्यांनी माझ्यावरची किमतीची चिठ्ठी नखानं खरवडली. चिठ्ठीबरोबर आंब्याचा देठही गेला.

राजश्रीला मधुमेह. तिनं मला फ्रिजच्या दारात उभं केलं आणि चालता येऊ लागल्यावर कामोठ्याला नेलं. तिथं भाचा प्रीतम पाय मोडून पडला होता. त्यानं मला कपाटावर ठेवलं. माणसं मला फार प्रेमानं देतात. उघडत मात्र कुणी नव्हतं.

कुबड्या सुटल्यावर प्रीतम मला घेऊन निघाला तो थेट दिघ्याला. जाईबाईंच्या नवऱ्याच्या, शिवरामच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ नुकतीच काढली होती.

"मावशी, काकांना ताकदीसाठी."

जाईबाईंनी मला फिरवून पाहिलं. देठ नव्हता.

"अरे मेल्या, ही तर मीच राजश्रीला दिलेली!"

प्रीतम ओशाळला, मग तिघंही पोट धरून हसले. हसता हसता शिवरामचा हात माझ्या झाकणावर आला. वीस वर्षं भट्टीसमोर काम केलेला माणूस. रोज दुपारी त्याला माझ्यासारखी एक बाटली लागायचीच.

"एक गिलास दे गं. एकानं काय व्हतंय?"

जाईबाईंचं हसू मावळलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हनल्या? ह्यानंच गाठ झाली असं सांगता येत नाय. पन रोज गोड पिऊन वजन वाढतं, आन् त्या वजनानं ह्या रोगाचा धोका वाढतो. मला परत त्या वॉर्डाबाहेर बसवायचंय का तुमाला?"

शिवराम भिंतीला धरत उठला, मला मोरीत नेलं आणि स्वतःच्या हातानं उलटं केलं.

"घ्या," तो म्हणाला, "आज मुंग्यांची पार्टी!"

मला वाईट वाटलं नाही. इतकं हलकं मला कधी वाटलंच नव्हतं.

आता माझ्या झाकणाला भोकं पाडली आहेत. शिवराम रोज सकाळी माझ्यातून कढीपत्त्याला पाणी घालतो. दुपारी स्वतः माठातलं पितो. त्याची पहिली तपासणी नीट आली.

परवा शेजारीण आजारी पडली. निघताना जाईबाईंचा हात सवयीनं पिशवीकडं गेला आणि थांबला. त्या तशाच गेल्या. तासभर बसल्या, तिचे केस विंचरून वेणी घालून आल्या.

तेव्हा आजाऱ्याकडं जाताना मला नेऊ नका. हात मोकळे ठेवा. वेणी घालायला दोन्ही लागतात.