टीमप्रमुख, तीन तासांसाठी

साहेब, तुमच्या खात्यानं एका माणसाला बढती मिळाल्याची शिक्षा दिली. कायम रहिवासाच्या फायली दाबून बसलेले तुम्ही, तुम्हालाच म्हणतोय.

हा माणूस सॉफ्टवेअर तपासणारा, टेस्टर. परमुलखात नऊ वर्षं एकाच कंपनीत. त्याचा कायम रहिवासाचा अर्ज टेस्टर या पदावर भरलेला. पद बदललं की अर्ज रद्द, पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणून त्यानं दोनदा बढती नाकारली. ज्यांना त्यानं हाताला धरून काम शिकवलं, ती पोरं त्याची साहेब झाली. ऑफिसात त्याला 'खुंटा' म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा, कारण घरात लेक होती, अकरा वर्षांची असताना आणलेली. ती एकवीसची व्हायच्या आत परवाना आला तर तीही त्यात. नाहीतर बापाच्या अर्जातून तिचं नाव गळणार आणि तिला देश सोडावा लागणार. वाढदिवसाला सात महिने होते. नंबर दोन महिन्यांवर आला होता.

तेवढ्यात नवी मॅनेजर आली. भली बाई. एवढा जुना माणूस अजून टेस्टरच, याची तिलाच लाज वाटली. त्याला न विचारता तिनं वर कागद पाठवला आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला टीमप्रमुख जाहीर केलं. टाळ्या पडल्या. याच्या तोंडचं पाणी पळालं. मीटिंग संपताच त्यानं हातापाया पडून ते पद परत घ्यायला लावलं. पण कॉम्प्युटरवर तीन तास तो टीमप्रमुख होता, आणि कंपनीच्या वकिलानं ते तुम्हाला इमानेइतबारे कळवलं.

तुमचं पत्र एका ओळीचं: पदनाम बदलल्यानं अर्ज निकाली.

बायकोनं ते दोनदा वाचलं. म्हणाली, “अहो, तीन तासांत खुर्चीसुद्धा गरम होत नाही.”

तो तुमच्या खिडकीवर गेला. आतल्या बाईनं मान वर न करता नवा अर्ज सरकवला. आता नव्यानं नऊ वर्षं.

घरी लेक जेवता जेवता थांबली. रडली नाही, भांडली नाही.

“बाबा, तिकडे मी कोणाकडे राहू? आजी तर गेली.”

बापानं ताट सरकवलं आणि नळाखाली हात धरून उभा राहिला, पाणी वाहत राहिलं.

त्याच्याकडे उत्तर नाही, साहेब. नियम तुमचा आहे, उत्तर तुम्ही द्या. ती पोर कोणाकडे राहील? लेखी द्या, खाली सही करा, आणि तिच्या वाढदिवसाच्या आत द्या.