मीटरकाकांचा लॅपटॉप

"बाबा, एक सांगायचं होतं तुम्हाला. म्हणजे तसं विशेष काही नाही, पण..." एवढं लेक बोलली आणि पडदा काळा झाला.

मीटरकाकांनी लॅपटॉपच्या पोटाखाली हात घालून पाहिला. इस्त्रीसारखा तापला होता. कित्येक रविवार हेच चाललं होतं. परमुलखातून लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, मग तिकडच्या हवेची, मग इकडच्या हवेची. तेवढ्यात आतला पंखा घरघरायला लागायचा आणि बोलणं जरा कुठे पुढे सरकतंय म्हणेपर्यंत लॅपटॉप राम म्हणायचा.

काका तसेच पलंगावर बसून राहिले. अगदी कडेला. मधली जागा बायकोची होती. ती जाऊन वर्ष होत आलं, तरी ते मधे सरकले नव्हते.

काकांची सगळी नोकरी विजेच्या मीटरचे आकडे घेण्यात गेली. दार वाजवायचं, "मीटर" म्हणायचं, आकडा टिपायचा आणि पुढच्या दाराला जायचं. एका शब्दावर माणसानं पेन्शन मिळवली! घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. लॅपटॉप तिच्या वेळीही तापायचा. पण तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की लॅपटॉपची काय बिशाद? गुडघ्यांमुळे तिला खुर्चीत बसवत नसे, म्हणून तो पलंगावर, रजईवर, वर आणखी उशीवर. मांडीवर विणकाम. तापला तर पुठ्ठ्यानं वारा घालायची, बंद पडला तर चहा होईस्तोवर निवू द्यायची आणि पुन्हा लावून "तर मी काय सांगत होते" म्हणून तिथूनच पुढे. काकांनी मागून "हो" म्हटलं की त्यांचं काम झालं.

आता काकांना नीट जेवण जात होतं, झोपही लागत होती. आपल्याला काही होत कसं नाही, याचंच त्यांना अधूनमधून नवल वाटे. पण लेकीचं ते अर्धवट वाक्य मात्र डोक्यातून जाईना. तिला काय सांगायचं असेल? नवऱ्याशी काही बिनसलंय का? की आईचं काही? ते ऐकायचं तर लॅपटॉप बंद पडून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पिशवीत घातला आणि जिन्याखालच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"कुठे ठेवून वापरता, काका?" लॅपटॉपवालीनं स्क्रू काढता काढता विचारलं.

"पलंगावर. उशी असते खाली."

"मग बिचारा काय करील? हा खालून हवा घेतो आणि कडेनं गरम हवा सोडतो. तुम्ही त्याच्या नाकावरच उशी दाबलीत."

तिनं पंखा उचकटला. त्याच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता, चिमटीत धरून सोलून काढता येईल असा. त्यात गुलाबी तंतू अडकले होते.

"ही लोकर कुठून आली?"

"बायको विणायची."

लॅपटॉपवालीचे हात थांबले. तिनं तो थर काकांपुढे धरला. काकांनी तळहातावर घेतला. वजन असं काही नव्हतंच. आता आपल्याला रडू यावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी थोडी वाटही पाहिली. आलं नाही.

"टाकू?"

"टाका."

मग तिनं चिपवरची वाळून भुगा झालेली पेस्ट खरवडली, नवी लावली आणि ती कशाला लागते तेही सांगितलं. चिपची उष्णता पलीकडच्या नळीत पोचवायची ही पेस्ट, वाळली की उष्णता जागच्या जागी कोंडते. "आता टेबलावर ठेवा. मागची कड जरा उचलून, म्हणजे खालून वारा खेळेल. उन्हात नको. मग बोला कितीही."

कितीही म्हणजे किती, हे काकांनी विचारलं नाही.

रविवारी त्यांनी दाढी केली, टेबल खिडकीपासून लांब ओढलं, लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली लाकडी पट्टी सरकवली. कॉल आला.

"बाबा, मधे बसा ना. अर्धेच दिसताय."

टेबलाशीही ते कडेलाच बसले होते. ते सरकले. तब्येत झाली. तिकडची हवा झाली, इकडची झाली. पंख्याचा आवाजसुद्धा नव्हता.

"मागच्या वेळी तू काहीतरी सांगत होतीस."

"मी? काय बरं..." लेकीनं आठवून पाहिलं. "हां, पडदे! नवीन पडदे घेतले आम्ही. दाखवू?"

तिनं पडदे दाखवले. काका "छान आहेत" म्हणाले. जावयाचं विचारून झालं. तेवढ्यात विषय संपले. लोकरीचं सांगावं, असं काकांच्या मनात आलं. वाक्यही जुळवून झालं. पण ऐकून तिला रडू आलं तर इथून काय करणार? आणि आपल्यासारखं तिलाही नाहीच आलं तर? त्यांनी लॅपटॉपखालची पट्टी उगाच नीट केली.

लेकीची नजर सारखी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जात होती. "आज बंद नाही पडला?"

"दुरुस्त करून आणला."

"अरे वा," ती म्हणाली. "बरं केलंत."

आणि ती हसली. ते हसू काकांच्या ओळखीचं होतं. दार उघडून लोक असेच हसत, आत घेत, मीटर दाखवत आणि हा माणूस कधी एकदा जातो याची अदबीनं वाट बघत. जन्मभर त्यांनी तेच चेहरे पाहिले होते आणि कधी कोणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. लेकीचा राग आला नाही. पोरीची माया पातळ झाली होती, असंही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती त्यांचीच मुलगी होती. इतके रविवार दोघांची सुटका हा लॅपटॉप करत आला होता आणि काकांनी तोच दुरुस्त करून आणला होता.

त्यांनी लॅपटॉपवर तळवा टेकवला. तो गार होता.

"पुन्हा तापायला लागला बघ," ते म्हणाले.

लेकीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"हो का? मग ठेवा, बाबा. उगाच जळायचा."

"हो. ठेवतो."

पण ठेवायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. आजवर कॉल कधी त्यांनी संपवलाच नव्हता. आधी बायको होती, मग तो आपला आपण बंद पडायचा. काकांचं बोट लॅपटॉपच्या पडद्यापुढे नुसतंच फिरत राहिलं.

"तूच बंद कर ना."

"मी नाही, बाबा. तुम्ही करा." ती स्क्रीनजवळ सरकली. "खाली बघा. लाल बटण आहे."

"हे कॅमेऱ्याचं?"

"ते नाही. त्याच्या शेजारचं."

"हे फोनचं का?"

"हो. तेच."

काकांनी चष्मा सारखा केला, नेम धरला आणि बटण दाबलं.