आदराला रकाना नव्हता

मला राग लवकर येतो. टोंगातल्या हापाई बेटांवरच्या शाळेतली माझी पोरंसुद्धा हे सांगतील. पण फिजीत, सुवाच्या त्या वसतिगृहात मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

बारा वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते आहे. पदवीचे सगळे विषय घरी बसून, रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर पुरे केले. एकच सत्र उरलं होतं, आणि ते फिजीला विद्यापीठात राहूनच करायचं असा नियम. मग दोन मुली सासूच्या पदरात टाकल्या आणि चौतिसाव्या वर्षी पेटी उचलून निघाले. किल्ली देताना वसतिगृहाच्या रेजिएली मॅडम अगदी खुशीत होत्या.

"तुझी खास सोय केलीय हं, मेलेआने. एकटं वाटू नये म्हणून तुझ्याच नात्यातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये घातलंय तुला. कितिओने. ओळखतेस ना?"

ओळखते ना! कितिओने माझ्या मावशीचा मुलगा, वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. आम्हा टोंगावाल्यांत मावशीचा मुलगा म्हणजे सख्खाच भाऊ. आणि भाऊ वयात आला की बहिणीच्या छपराखाली झोपत नाही, तिच्या शेजारी बसून टीव्ही बघत नाही, तिच्या देखत कुणी अचकटविचकट बोललं तर उठून जातो. बहिणीचा मान असा राखतात. या बाईनं आम्हाला चार खोल्या आणि एकच न्हाणीघर असलेल्या फ्लॅटमध्ये कोंबलं होतं.

"मॅडम, तो माझा भाऊ आहे. आम्ही एका घरात नाही राहू शकत."

"भाऊ कसा? आडनाव तर वेगळंय."

"मावशीचा मुलगा."

"मग झालं तर! आमच्याकडेही पूर्वी असलं सोवळं असायचं गं. आता कोण पाळतं?"

कोण पाळतं ते मला आठवड्याभरात दिसलं. दाराशी माझ्या चपला असल्या की कितिओने आत यायचा नाही. आंघोळीला तो मैदानापलीकडच्या व्यायामशाळेत जायचा. मी अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून मुद्दाम जास्तीची ठेवायचे, पण मी माझ्या खोलीचं दार लावल्याशिवाय तो स्वयंपाकघरात पाऊल टाकायचा नाही. आणि मी तर पाठांचं सामान पसरून तिथल्याच टेबलाशी बसायचे, तासन् तास.

आमच्याच फ्लॅटमधली सॉलोमन बेटांची नेरोलिन एक दिवस म्हणाली, "ताई, तुझा भाऊ जिन्याखाली बसून डब्यातली मासळी गार गारच खातोय. भांडलात का काय दोघं?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

पहिल्या चाचणीत तो नापास झाला. शाळेत कधी दुसरा नंबर न घेतलेला पोरगा! हे मला नेरोलिनकडून कळलं. तो मला सांगणार नव्हता आणि मला त्याला विचारता येत नव्हतं. मी तणतणत कचेरीत गेले.

रेजिएली मॅडमनी खोली बदलायचा फॉर्म पुढे केला. 'कारण' या शब्दाखाली रकाने होते. मारहाण, चोरी, नशा, छळ, असुरक्षित वाटणे.

"यात आदर कुठाय?" मी विचारलं.

"काय?"

"आदरापोटी खोली बदलायची असेल तर खूण कुठं करायची?"

"असं कारण नसतं गं."

"म्हणजे शिव्या देणाऱ्याची इथं सोय होते, आणि मान देणाऱ्यानं जिन्याखाली बसून जेवायचं?"

"चिडू नकोस. हे बघ, 'असुरक्षित'वर मी खूण करते. नुसती औपचारिकता. दोन दिवसांत दुसरी खोली मिळेल तुला, विषय संपला."

"पण मला त्याची भीती नाही वाटत हो!"

"फॉर्म कोण वाचतंय? तुला खोली हवीय का नकोय?"

बाहेर सरावाच्या पाठाला नेणारी बस उभी होती. मी सही केली. ती माझीच सही होती, आणि त्याबद्दल मला जेवढा स्वतःचा राग येतो तेवढा दुसऱ्या कुणाचाच येत नाही.

दोन दिवसांनी खोली मिळाली नाही, त्या खुणेवरून चौकशीचं बोलावणं आलं. तिघांची समिती बसली होती. दाराजवळच्या खुर्चीवर कितिओने होता. इस्त्रीचा शर्ट, आणि कमरेला आम्ही चर्चला जाताना गुंडाळतो ती चटई. मोठ्या माणसांनी बोलावलंय म्हणून बिचारा नीटनेटका होऊन आला होता.

अध्यक्ष चष्मा पुसत मला म्हणाले, "घाबरू नको, मोकळेपणानं सांग. तू आंघोळ करत असताना हा न्हाणीघराच्या दाराशी यायचा का? तुझे आतले कपडे वाळत घातलेले असायचे, त्यांना कधी—"

कितिओने उठला. मान खाली, पाठ वाकवून दाराबाहेर गेला. टोंगाचा कुठलाही शहाणा मुलगा हेच करेल. तो बसून राहिला असता तर मला लाज वाटली असती.

"बघा," अध्यक्ष शेजारच्या बाईंना म्हणाले, "मुद्द्याचं विचारल्याबरोबर पळाला. घ्या लिहून."

"अहो, पळाला कसला!" मी ओरडलेच. "माझ्यासाठी गेला तो! तुम्ही जे घाणेरडं बोललात ते बहिणीसमोर ऐकायचं नसतं म्हणून गेला!"

"शांत हो, मुली. आपल्याच माणसाला पाठीशी घालावंसं वाटतं, आम्ही समजू शकतो."

काय डोंबल समजू शकत होते! रेजिएली मॅडमनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तो मी भिंतीवर आपटायला हवा होता.

कितिओनेला वसतिगृहातून काढलं, शिष्यवृत्ती थांबवली. गुरुवारच्या विमानानं तो गेला. मला पत्र आलं, की आता मी निर्धास्त राहावं.

रविवारी मावशीचा फोन आला. ती रडत होती.

"मेलेआने, बाळा, मला क्षमा कर. कसलं कार्टं जन्माला घातलं मी! काल आम्ही सगळे माफी मागायला चटया घेऊन तुझ्या सासूच्या दारात माना खाली घालून बसलो होतो."

"तो काय म्हणाला?"

"काही बोलेचना. काकांनी मारलंसुद्धा. शेवटी एवढंच म्हणाला, ताई म्हणत असेल तर तसंच असेल."

मावशीला मी सगळं खरं सांगितलं. पण विद्यापीठाच्या कागदावर तो अजून तसाच होता. सोमवारी कचेरी उघडली तेव्हा मी दारात उभी होते.

"मॅडम, लिहा. मेलेआनेनं खोटी तक्रार केली."

त्यांचा चेहरा उतरला. "अगं वेडी का तू? खोट्या तक्रारीला सत्र रद्द होतं. पुन्हा प्रवेशही मिळत नाही. पदवीवर पाणी सोडायचंय का?"

"त्याची शिष्यवृत्ती सुरू होईल?"

"तुझं लेखी असलं तर होईल. पण—"

"मग लिहा."

"मी तर तुझ्या भल्यासाठीच केलं होतं गं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला जराही दया आली नाही. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मग हळूच म्हणाल्या, "आणि तो परत आला तरी राहील कुठं? दुसरीकडे कुठंच जागा नाही. त्याच फ्लॅटमध्ये यावं लागेल त्याला."

"येऊ दे की," मी म्हणाले. "आता तिथं त्याची बहीण राहत नाही."

आणि मी सही केली.