हायड्रो कुणी टाकायचा?

सासऱ्यांच्या रंगाईच्या कारखान्यात सूनबाईची अकरा वर्षं गेली, पण निळीच्या हौदात हायड्रो टाकायला त्यांनी तिला एकदाही दिलं नव्हतं. कापड भिजव, पिळ, वाळत घाल, सगळं तिच्या गळ्यात. ती पांढरी, विझल्या काडीसारखा वास मारणारी पूड मात्र मामंजींची. नीळ मोठी आखडू, पाण्यात विरघळायचं नाव नाही. हायड्रो तिला वठणीवर आणतो, तेव्हा कुठे ती पिवळी पडून धाग्यात शिरते. वर काढलं, हवा लागली, की पुन्हा निळी. सूनबाईला हे सगळं पाठ होतं, पण विचारतो कोण?

त्या दिवशी नाटक कंपनीच्या बाई पडदा रंगवायला घेऊन आल्या. बारा मीटर, सलग, आणि दुसरा मिळणार नाही असा. मामंजींना प्रेक्षक मिळाला म्हणजे मग बघायलाच नको. बाईंचा रुमाल बुडवून वर काढला, तो पिवळा. बघता बघता निळा झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या ड्रायव्हरचा रुमाल, मग शेजारच्या शिंप्याचा, तोही उंचावरून धपाधप आपटत. इकडे सूनबाईचा जीव खालीवर. हायड्रोला हवेचं वावडं. हवा घुसली की तो तिच्यातच खर्च होतो. हौदातलं पिवळसर पाणी एव्हाना निळं झालं होतं.

मामंजींनी पडद्याचं टोक उचललं. गप्प बसावं तर पडदा जाणार, बोलावं तर चारचौघांत सासऱ्यांची शोभा.

"मामंजी, थांबा. हौद मेलाय."

"काय म्हणालीस?"

"हायड्रो संपलाय. पडदा आता घातला तर कुठे गडद, कुठे फिका होईल."

बाई उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मामंजींचे कान लाल झाले. त्यांनी एक चिंधी बुडवली. ती पाण्यातूनच निळी निघाली.

मग ते पोट धरून हसले. "अगं, कौतुकाच्या नादात बाईंचं नाटक उघड्यावर आणलं असतं मी! बघतेस काय, टाक."

"किती टाकू?"

"मला काय विचारतेस? मला कळलं असतं तर ही वेळ आली असती?"

तिनं कोरड्या चमच्यानं हायड्रो हलकेच भुरभुरला, एकदाच संथ ढवळलं, झाकण लावलं. अर्ध्या तासानं पाणी पिवळं झालं. पडदा असा एकसारखा निळा निघाला की बाईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"अजून दोन पडदे आहेत," जाताना त्या मामंजींना म्हणाल्या. "कधी आणू?"

"हिला विचारा. हौद हिचा आहे."

सूनबाईला इतका आनंद झाला, की तिनं भलत्याच उत्साहात कारखान्याच्या सुट्टीचाच वार सांगून टाकला.